जुना ट्रक, नवं इंजिन, गिअरबॉक्स कुठला?

अमेरिकेत जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचं 5.9 लिटर डिझेल इंजिन बसवणारे हौशी पुष्कळ. इंजिन कसंबसं बसतं; घोडं अडतं गिअरबॉक्सपाशी. या इंजिनाचा जोर दांडगा, पण मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास त्याचा दम संपतो. मागच्या एक्सलचं प्रमाण 4.10, टायर 32 इंची आणि जुना चार गिअरचा बॉक्स असेल, तर ट्रक ताशी 93 किलोमीटरलाच थांबतो. पाचवा, 0.73 चा ओव्हरड्राइव्ह गिअर मिळाला की तेवढ्याच फेऱ्यांत सव्वाशेच्या पुढे जातो.

म्हणून ‘एनव्ही 4500’ या पाच गिअरच्या बॉक्सला मागणी. मात्र डॉज ट्रकमधल्या कमिन्ससाठीच्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट सव्वा इंच जाड, शेवरले ट्रकच्या बॉक्सचा त्याहून बारीक. क्लचप्लेट शाफ्टच्या खाचांशी जुळलीच पाहिजे.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्ट बसले म्हणून हात झटकू नयेत. क्रँकवर डायल गेज लावून हाउसिंगचं मधलं भोक केंद्रातून किती सरकलंय ते मोजायचं. साधारण 0.13 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर एक्सेंट्रिक डॉवेल पिना घालाव्या लागतात. काम कंटाळवाणं खरं, पण टाळलं तर पायलट बेअरिंग बोंबलतं. आणि डॉजचा जुना बॉक्स घेताना पाचव्या गिअरचा नट आधी तपासा; कमिन्सच्या धक्क्यांनी तो ढिला होतो.