कोठारातल्या अडगळीची साक्ष

जुन्या वस्तूंवरचे टीव्ही कार्यक्रम पाहताना प्रेक्षकाचं सारं लक्ष शेवटच्या आकड्याकडे लागलेलं असतं. ही सवय बीबीसीच्या ‘अँटिक्स रोडशो’ने १९७९ पासून लावली. लोक घरातली वस्तू घेऊन रांगेत उभे राहतात, जाणकार ती उलटसुलट करून पाहतो, चार गोष्टी सांगतो आणि अखेरीस किंमत जाहीर करतो. २००९ मध्ये ‘पॉन स्टार्स’ने हाच प्रकार लास वेगासमधल्या एका गहाणवटीच्या दुकानात नेला. १८ जानेवारी २०१० रोजी हिस्टरी वाहिनीवर ‘अमेरिकन पिकर्स’ सुरू झाली, तेव्हा तिलाही याच पंगतीत बसवलं गेलं. वरवर पाहता ते बरोबरच होतं, पण एक फरक दुर्लक्षित राहिला. बाकीच्या कार्यक्रमांत वस्तू कॅमेऱ्यापुढे आणली जाते. इथे कॅमेरा वस्तूच्या जागी जातो. ती कुठे पडून होती, तिच्या शेजारी काय होतं, कोणी आणि कशासाठी ती जपली, हे सगळं वस्तू हलण्याआधी टिपलं जातं. माझ्या मते या मालिकेची खरी कमाई हीच आहे. नफ्याचा आकडा त्यापुढे गौण आहे.

माइक वुल्फ आणि फ्रँक फ्रिट्झ हे आयोवा राज्यातले दोन जुने मित्र या मालिकेचे नायक. वुल्फला सायकली आणि जुन्या मोटरसायकलींचं वेड, फ्रिट्झला तेलाचे डबे आणि खेळणी दिसली की राहवत नसे. मिसिसिपीच्या काठी ल-क्लेअर नावाच्या छोट्या गावात वुल्फचं ‘अँटिक आर्किऑलॉजी’ हे दुकान आहे. तिथली बाजू डॅनिएल कोल्बी सांभाळायची आणि कुठल्या शेतावर काय मिळण्याची शक्यता आहे ते फोनवरून या दोघांना कळवायची. पिकर हा या धंद्याच्या साखळीतला पहिला माणूस. गावोगाव हिंडायचं, अनोळखी दार ठोठावायचं, अडगळीत हात घालायचा आणि मिळालेला माल दुकानदाराला, सजावटकाराला किंवा हौशी संग्राहकाला विकायचा. लिलावगृहाच्या झगमगाटात जी वस्तू दिसते ती बहुधा अशाच कुणाच्या तरी धुळीने माखलेल्या हातांतून तिथवर आलेली असते. या माणसाला मालिकेआधी कोणी ओळखत नव्हतं.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात एवढी अडगळ साठली कशी, याचं उत्तर मालिका सरळ देत नाही, पण भाग पाहत गेलं की ते आपोआप उलगडतं. तिथे जमीन मुबलक, कोठारं प्रचंड आणि शेतीवरची माणसं कमी होत गेलेली. बंद पडलेलं यंत्र, गाडी, दुकानाची पाटी टाकून देण्यापेक्षा कोठारात ढकलणं सोपं होतं. १९५६ च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग बांधले गेले, वाहतूक जुन्या रस्त्यांवरून उठली आणि त्या रस्त्यांवरचे पेट्रोल पंप, खाणावळी, गॅरेजं ओस पडली. त्यांचं सामान मालकांनी घरी नेऊन ठेवलं. म्हणूनच मालिकेत पेट्रोल कंपन्यांच्या मुलामा दिलेल्या पाट्या सतत निघतात. पोलादी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून, रंगावर रंगाचा थर चढवून त्या बनत. चांगल्या पाटीवरून बोट फिरवलं तर एका रंगाची कड दुसऱ्यावर उंचावलेली हाताला कळते. नकली पाटीवर ही कड नसते आणि खिळ्यांच्या भोकांभोवतीची झीजही खोटी वाटते. अशा कितीतरी पाट्या दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करण्याच्या मोहिमांमध्ये वितळवल्या गेल्या; ज्या उरल्या त्या म्हणूनच महाग. पण पाटीची ही माहिती पुस्तकातही मिळेल. ती कुठल्या चौकात लागली होती आणि पंप कोणत्या वर्षी बंद झाला, हे मात्र ती कोठारात ठेवणारा म्हातारा सांगतो, आणि त्याच्यामागे ते सांगणारं कोणी नसतं.

घासाघीस हा मालिकेचा सर्वांत पाहण्याजोगा भाग आहे. आपल्याकडचा दुकानदार भवानीला जो मान देतो, तसाच मान हे दोघे पहिल्या खरेदीला देतात. एखादी किरकोळ वस्तू उचलायची, फारसं न ताणता पैसे हातावर ठेवायचे. मालकाला पटतं की ही माणसं नुसती बघायला आलेली नाहीत. मग त्याची जीभ सैल होते. पुढे चार-पाच वस्तू एकत्र करून एकगठ्ठा भाव मागायचा, म्हणजे ज्या वस्तूवर तो अडला आहे तीही सुटते. पण कधीकधी मालक एका क्षुल्लक डब्याला हात लावू देत नाही, आणि शेजारचं महाग यंत्र सहज देऊन टाकतो. डबा बापाच्या गॅरेजमधला असतो, यंत्र कुठल्याशा लिलावातून आलेलं. बाजारभाव आणि आठवणीचा भाव यांतली ही तफावत कॅमेऱ्यासमोर इतक्या स्पष्टपणे इतरत्र क्वचितच दिसते.

वस्तूची ओळख कशी पटवली जाते याचा सर्वांत चांगला दाखला २०१८ मधला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या चेस्टरफील्ड या गावी झाडाझुडपांत एक सडलेली इंटरनॅशनल हार्वेस्टर मेट्रो व्हॅन सापडली, १९६४ ची. एरोस्मिथ हा रॉक बँड सुरुवातीच्या दिवसांत हिच्यातून कार्यक्रमांना जायचा, असं सांगितलं जात होतं. नुसत्या सांगण्यावर न थांबता बँडच्या स्थापनेच्या काळातला सदस्य रे टबानो याला तिथे बोलावलं गेलं आणि त्याने ती ओळखली. मग २५,००० डॉलर्सना सौदा झाला. गंजलेला पत्रा म्हणून त्या गाडीला भंगाराचाच भाव आला असता. जिवंत साक्षीदार मिळाला म्हणून ती सांस्कृतिक ठेवा ठरली आणि पुढे दुरुस्त होऊन लास वेगासमध्ये बँडच्या कार्यक्रमाच्या जागी मांडली गेली.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं आधी ठरवलेलं असतं. तो बऱ्याच अंशी खरा आहे. निर्माते जागा आधी शोधतात, मालकांची परवानगी घेतात, दुकानं, लिलाव, संग्रहालयं वगळून खाजगी संग्रहच निवडतात आणि त्यासाठी लोकांना जाहीर आवाहनही करतात. अचानक दार ठोठावल्याचा देखावा म्हणूनच फार मनावर घेऊ नये. पण भेट ठरवलेली असली तरी चाळीस वर्षं कोठारात पडलेली मोटरसायकल ठरवून आणता येत नाही. एखाद्या मालकाला ‘इंडियन’ नावाच्या मोटरसायकल कंपनीच्या इंजिनाचा कोणता भाग कुठून मिळवला ते अडखळत, मागेपुढे करत आठवत असतं, तेही पटकथेत लिहून येत नाही. साक्षीदाराला वेळ देऊन बोलावलं म्हणून साक्ष खोटी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: किंमत ठाऊक असलेला माणूस ती ठाऊक नसलेल्याकडून खरेदी करतो. ही भीती काल्पनिक नाही. ‘अँटिक्स रोडशो’च्या अमेरिकी आवृत्तीत यादवी युद्धातल्या शस्त्रांचे दोन जाणकार होते. त्यांनी १९९७ मध्ये एका तलवारीचं मूल्यांकन बनावट मालक उभा करून घडवून आणलं, त्यातून नाव कमावलं आणि सेनानींच्या वंशजांना कमी किंमत सांगून त्यांच्या वारशाच्या वस्तू घेऊन कितीतरी पटींनी विकल्या. पुढे दोघेही न्यायालयात दोषी ठरले. ‘पिकर्स’मध्ये निदान विकत घेणारा स्वतःला तटस्थ जाणकार म्हणवत नाही. खरेदीची रक्कम आणि अपेक्षित मूल्य दोन्ही पडद्यावर झळकतात, म्हणजे विकणाराही नंतर ते पाहू शकतो. मालकाने फारच कमी मागितलं तर स्वतःहून जास्त दिल्याचे प्रसंगही मालिकेत आहेत. तरीही एक दोष मान्य करावाच लागतो. पडद्यावरचं ते मूल्य हा अंदाज असतो, विक्री नव्हे. प्रवास, दुरुस्ती, दुकानाचं भाडं, वर्षानुवर्षं न खपलेला माल त्यात धरलेला नसतो. हे आकडे पाहून गंजलेली प्रत्येक वस्तू म्हणजे घबाड, असा समज पसरला तर त्याची जबाबदारी निर्मात्यांवर येते.

उरतो तिसरा आक्षेप, आणि मला तोच सर्वांत जड वाटतो. वस्तू मोठ्या शहरातल्या कुणाच्या दिवाणखान्यात गेली की तिचा गावाशी संबंध तुटतो. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरीचे दिवे, अडकित्ते, भांडी, पेट्या अशाच पायपिटीने जमवल्या, पण वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह विकला नाही; तो राज्य सरकारच्या, म्हणजे लोकांच्या, हवाली केला. या मापाने पिकर उणाच ठरतो. मात्र मुलामा दिलेली पाटी किंवा तेलाचा डबा घ्यायला अमेरिकेतली मोठी संग्रहालयं कोठारांच्या दारात उभी नव्हती. पर्याय गंजण्याचा होता. वस्तू दुरावते, हे खरं. पण तिच्यामागची हकिकत चित्रफितीवर उरते, आणि ज्यांच्या घरात ती होती त्या सामान्य शेतकऱ्या-कारागिरांचं बोलणंही उरतं. फ्रिट्झ २०२० नंतर मालिकेत दिसला नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वारला. ज्यांच्याकडून त्याने तेलाचे डबे घेतले त्यांतलेही बरेच जण आता नसतील.

भारतात असा कार्यक्रम जसाच्या तसा करता येणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पण नोंद करायला परवाना लागत नाही. माळ्यावरची पितळी समई, आजोबांचं घड्याळ किंवा बंद पडलेल्या दुकानाची पाटी भंगारात घालण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिच्यासमोर बसवा, ती कुठून, कधी आणि कशी आली ते विचारा, आणि मोबाइलवर त्यांच्याच आवाजात टिपून ठेवा.