झडपेतील कॅल्शियम : शस्त्रक्रियेपूर्वीचे निदान

साठी ओलांडलेला रुग्ण ‘जिना चढताना धाप लागते’ असे सांगत चिकित्सालयात येतो. आपण त्यास वार्धक्य समजतो, अर्जुनारिष्ट देतो व पंधरा दिवसांनी बोलावतो. प्रस्तुत लेखकाकडूनही हे घडले आहे. तो रुग्ण पुन्हा आला तो देवळाच्या पायऱ्यांवर भोवळ येऊन पडल्यानंतर. तेव्हा प्रथमच त्याच्या छातीस स्टेथोस्कोप लावला आणि खरखरीत मर्मर स्पष्ट ऐकू आला.

महाधमनीची झडप कॅल्शियम साचून अरुंद झाली की श्रमाने धाप, छातीत वेदना व भोवळ ही लक्षणत्रयी उद्भवते. तीव्र विकारात लक्षणे दिसू लागल्यावर झडप न बदलल्यास सुमारे निम्मे रुग्ण दोन वर्षांत दगावतात.

आपली त्रिविध परीक्षा येथे व्यर्थ नाही. नाडी क्षीण व सावकाश वर येणारी असते. मात्र वृद्धांच्या कठीण धमन्यांत हे चिन्ह लपू शकते. मर्मर उरोस्थीच्या उजवीकडे, दुसऱ्या आंतरपर्शुक अवकाशात ऐकावा; तो मानेकडे पसरतो. हृदय थकल्यावर तो मंदावतो, म्हणून मंद मर्मर म्हणजे सौम्य व्याधी असे मानू नये.

निश्चिती टूडी इको व डॉपलरने होते. रक्तप्रवाहाचा वेग सेकंदास ४ मीटर वा अधिक, सरासरी दाबफरक ४० मिमी पारा वा अधिक आणि झडपेचे क्षेत्रफळ १ चौ. सेंमी वा कमी, ही तीव्रतेची गमके होत. हृदयाची शक्ती घटल्याने ही मापे परस्परांशी जुळत नसतील, तर सीटी स्कॅनवरील कॅल्शियमचा गुणांक मोजतात. पुरुषांत २०००, स्त्रियांत १२०० वा अधिक गुणांक तीव्र विकार सुचवितो. महाधमनीच्या भिंतीतही कॅल्शियम असल्यास तिला चिमटा लावणे धोक्याचे ठरते. हे शल्यचिकित्सकास आधीच कळावे लागते. छाती न उघडता, नलिकेद्वारे झडप बसविण्याची पद्धत २००२ पासून उपलब्ध आहे. तिच्यासाठीही झडपेचे माप सीटीवरच घेतात.

साचलेले कॅल्शियम विरघळवणारे औषध आज सिद्ध झालेले नाही. ना आपल्याकडे, ना आधुनिक शास्त्राकडे. सर्पगंधेसारखी रक्तदाब उतरविणारी द्रव्ये अशा रुग्णास हृदयरोगतज्ज्ञांस विचारल्याविना देऊ नयेत. रुग्ण घेत असलेल्या सर्व कल्पांची यादी, विशेषतः लसूणयुक्त योगांची, शस्त्रक्रियेपूर्वी लेखी कळवावी. औषधविक्रेते बंधूंनीही धापेसाठी वारंवार अर्जुनारिष्ट नेणाऱ्या ग्राहकास तपासणीचा आग्रह करावा.

त्या रुग्णाची झडप वेळेत बदलली गेली. आज तो त्याच पायऱ्या चढतो. तथापि पहिल्या भेटीतच छाती तपासली असती, तर त्याला पडावे लागले नसते, ही खंत उरतेच.