फौजी मिस्त्री

कोल्हापूरच्या बागायतीचा इतिहास लिहायला घेतला की सुरुवात राधानगरीपासून होते, आणि ते रास्तच आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर हाती घेतलेलं धरण त्यांच्या हयातीत अर्ध्यावर राहिलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पुढे नदीनदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी तुंबवायचं आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. मग साखर कारखाने, सहकार, रत्नाप्पाण्णा कुंभार, तात्यासाहेब कोरे. हे सगळं पुस्तकांत आलं आहे. पण बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी आपोआप दरड चढून उसाच्या सरीत जात नाही. ते इंजिनानं चढवावं लागतं, आणि पन्नास-साठ सालच्या खेड्यात इंजिन बंद पडलं की ते चालू करणारा माणूस लागे. तो माणूस या इतिहासातून गळून गेला आहे.

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात हा माणूस म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. गाव त्यांना फौजी आबा म्हणे. शिक्षण मराठी चौथी. घरात लोहारकी नाही, सुतारकी नाही, निव्वळ शेती. १९४१ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते बेळगावला जाऊन भरती झाले. त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. मराठा पलटणींचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि आमच्या तालुक्यातलं एक गाव तर सैनिक टाकळी याच नावानं ओळखलं जातं, इतकी तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेली.

आबा जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. ही पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली आणि हिवाळ्याच्या तोंडावर सांग्रो नदीपाशी चिखलात अडकली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना नदीपलीकडून उचलून आणलं आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा त्या दिवसाविषयी फार बोलत नसत. ते गाड्यांविषयी बोलत.

कारण ते ड्रायव्हर होते. मेकॅनिक कधीच नव्हते, फिटरचा कोर्सही त्यांनी केला नव्हता. फौजेतल्या ड्रायव्हरला दोन गोष्टी मात्र चुकत नसत, फर्स्ट परेड आणि लास्ट परेड. गाडी सुरू करण्याआधी तेल, पाणी, टायर, नटबोल्ट बघायचे आणि दिवस संपल्यावर पुन्हा तेच. पंधरा मिनिटांचं काम. गाडी मोठ्या दुरुस्तीला गेली की आबा तिच्याबरोबर जात आणि फिटर काय करतो ते बघत उभे राहत. पाना धर, बत्ती धर, असं करता करता हात बसला. हिंदी फौजेत इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनिअर्सची स्वतंत्र कोअर १९४३ सालीच उभी राहिली होती. तिच्या वर्कशॉपांतली माणसं आपल्याला हाकलून देत नसत, हे आबा शेवटपर्यंत कृतज्ञतेनं सांगत.

युद्ध संपलं तेव्हा हिंदी फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती. त्यांतल्या लाखो जवानांना लगोलग घरी पाठवलं. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागे, त्यामुळे आबांसारखी माणसं पदकं, थोडी रक्कम आणि डिस्चार्ज बुक घेऊन परतली. राज्य सरकारचं मानधन हाती पडेपर्यंत ती म्हातारी झाली होती. या अन्यायाबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं गेलेलं नाही.

गावात पहिलं ऑइल इंजिन आलं ते एका बड्या शेतकऱ्याकडे. आडवं, एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना जड फ्लायव्हील. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, दोघांनी हँडल मारायचं, फ्लायव्हीलनं वेग धरला की खटका सोडायचा. आठवड्यात ते रुसलं. शहरातला मिस्त्री यायला चार दिवस लागणार होते आणि ऊस माना टाकत होता. कुणीतरी म्हणालं, फौजीला बोलवा, त्यानं इलायतेत गाड्या हाकल्यात.

आबांनी इंजिनाला हात लावण्याआधी डिझेलच्या नळीला हात लावला. एकाला हँडल फिरवायला सांगितलं आणि दोन बोटांत नळी धरून बसले. नळीत ठोका लागला पाहिजे. ठोका होता, म्हणजे पंप ठीक. मग नोझल काढून बाहेरच नळीला जोडलं आणि पुन्हा हँडल फिरवायला लावलं. चांगलं नोझल डिझेल धुक्यासारखं फेकतं, त्याचा करकरीत आवाज येतो. हे थेंब थेंब गळत होतं. आबांनी ते रॉकेलमध्ये धुतलं, बारीक तारेनं भोकं साफ केली आणि परत बसवलं. इंजिन चालू झालं. त्या दिवसापासून ते मिस्त्री.

पुढची तीस वर्षं त्यांनी नदीकाठ सोडला नाही. खडकीच्या किर्लोस्करांचं इंजिन असो, साताऱ्याच्या कूपरचं असो की कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार झालेलं, पद्धत एकच: "आदी बगायचं, मग ऐकायचं, मग उगडायचं." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ते आवाज घेत. पंप पाणी उचलेना तर सक्शनच्या सांध्यापाशी उदबत्ती धरत. धूर आत ओढला गेला की हवा तिथूनच शिरते आहे. फूट व्हॉल्व्ह गळत असला की लोक पंपात शेणाचा काला ओतून वेळ भागवत. आबाही ओतत, पण मालकाला बजावून: "ही आजची सोय झाली. उद्या व्हॉल्व्ह वर काडायचा." ग्लँडची दोरी कचकचून आवळणाऱ्यांवर ते चिडत. ग्लँडमधून पाणी थोडं ठिबकलंच पाहिजे, नाहीतर शाफ्ट तापून झिजतो. हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं, झिजलेल्या शाफ्टांनी सांगितलं होतं.

पिस्टन फुटला की तो पोत्यात गुंडाळून एसटीनं उद्यमनगर गाठायचं. ऑइल इंजिन आणि फाउंड्रीच्या धंद्यात कोल्हापूरनं नाव कमावलं, त्याचं श्रेय कारखानदारांना मिळालं आणि मिळायलाच हवं. पण कुठला भाग कुठे झिजतो, कुठली रिंग लवकर जाते, ही खबर कारखान्यापर्यंत गावच्या मिस्त्र्यांनीच पोत्यातून नेली, असं मला ठामपणे वाटतं.

वीज आली तेव्हा आबा पन्नाशीच्या आसपास होते. इंजिनं मागे पडली, मोटारी आल्या आणि जळू लागल्या. आबांनी जळकी मोटार फोडली, कॉइल सोडवताना वेढे मोजले, तारेची जाडी बघितली, जोडणी कागदावर काढली आणि तशीच नवी भरली. ती नुसती गुणगुणली, फिरेना. एक कॉइल उलटी जोडली गेली होती. पुन्हा सगळं सोडवलं. तिसऱ्या मोटारीपासून त्यांचं काम टिकू लागलं.

या कौतुकात धाकट्या आजीला विसरणं बरं नव्हे. मजुरी म्हणून घरात येई ती गुळाची ढेप, पायलीभर शाळू, कधी नुसता चहा. शेती आजीनं ओढली. रात्री कुणी बॅटरी घेऊन दारात उभा राहिला की ती म्हणे, "जगाचं पानी चालू, आन्‌ आमचाच ऊस वाळतोय." आबांकडे याला उत्तर नसे. ते पान्यांची पिशवी उचलून जात. त्यांच्या कारागिरीची किंमत तिनं चुकवली, आणि ती कुणी मोजली नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्याची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेल्या मोटारी रस्त्यांच्या कडेला रचल्या गेल्या. आबा तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे, डोळ्यांनी अधू. पोरं मोटार तशीच सुरू करून बघायच्या बेतात होती. आबांनी खुर्ची बाहेर मांडायला लावली आणि एकेकाला दरडावलं: करंट लावायचा नाही. आधी खोल, स्वच्छ पाण्यानं धू, बेअरिंग काढ, उन्हात चांगली वाळव, मेगर लावून बघ, मगच वायर जोड. कित्येक मोटारींचं वाइंडिंग त्यामुळे वाचलं. त्याच हिवाळ्यात ते गेले.

त्यांच्या पेटीत पदकं निघाली, वॉशरच्या डब्यात. आणि एक जाड वही, रोमन अक्षरांत लिहिलेली. घरच्यांना वाटलं, इंग्रजीत काहीतरी फौजेचं असेल. रद्दीच्या गठ्ठ्यात ती गेलीही होती. पण त्या काळी फौजेत शिपायांना रोमन लिपीतूनच उर्दू शिकवत, आणि आबांनी त्या लिपीत आपली मराठी लिहिली होती. मोठ्यानं वाचली की सगळं उलगडतं: कुणाचं इंजिन, काय बिघाड, काय करून बघितलं, काय चुकलं. नदीकाठच्या कोणत्या मळ्यात कधी पाणी चढलं याची एवढी बारीक नोंद मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही.

फौजी म्हणून या माणसांच्या नोंदी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असतात. मिस्त्री म्हणून त्या कुठेच नाहीत, असल्याच तर माळ्यावर. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल या तालुक्यांतल्या घरांत आजोबा-पणजोबा युद्धावरून परतून इंजिनात रमले असतील, तर जुन्या वह्या टाकण्याआधी एकदा उघडाव्यात. अक्षरं इंग्रजी दिसली तरी चार ओळी मोठ्यानं वाचून बघाव्यात.