मणक्याचे फ्रॅक्चर: घनतेच्या आकड्यात लपते, प्रतिमेत सापडते

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचा भाग तपासताना दोन प्रश्न येतात: धातू योग्य प्रतीचा आहे का आणि मापे बरोबर आहेत का? ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारात, मणक्याबाबतही हेच दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

1. घनता: डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस मानतात. येथे

घनता = खनिजाचे वस्तुमान ÷ प्रतिमेतील क्षेत्रफळ

समजा, एका मणक्यात 9 ग्रॅम खनिज आहे आणि क्षेत्रफळ 12 चौ. सेंमी. आहे. घनता 0.75 येते. मणका दबून क्षेत्रफळ 9 चौ. सेंमी. झाले, तर खनिज तेवढेच राहून घनता 1.00 होते. म्हणजे मोडलेला मणका आकड्यात अधिक मजबूत दिसतो! म्हणून केवळ घनतेवर विसंबून चालत नाही.

2. आकार: यासाठी पाठीच्या कण्याची बाजूने घेतलेली प्रतिमा लागते. ती एक्स-रेने मिळते; अनेक डेक्सा यंत्रांवरही घेता येते. प्रत्येक मणक्याची पुढची, मधली आणि मागची उंची पाहतात. जेनंट यांच्या 1993 च्या पद्धतीत उंचीतील घटीनुसार तीन श्रेणी आहेत:

- सौम्य: सुमारे 20 ते 25 टक्के
- मध्यम: 25 ते 40 टक्के
- तीव्र: 40 टक्क्यांहून अधिक

उदाहरण: मागची उंची 25 मिमी, पुढची 18 मिमी. घट = (25 − 18) ÷ 25 = 28 टक्के, म्हणजे मध्यम. एक्स-रेमध्ये प्रतिमा मोठी दिसली, तरी हे गुणोत्तर असल्याने उत्तर बदलत नाही. पूर्ण मणकाच चेपला असेल, तर शेजारच्या मणक्यांशी तुलना करावी. मात्र जन्मजात वेगळा आकार किंवा तिरकी घेतलेली प्रतिमाही फसवू शकते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

हे का महत्त्वाचे? अशी बरीच फ्रॅक्चर कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पाठदुखी किंवा कमी झालेली उंची वयाच्या खाती जमा होते. दिल्लीत 50 वर्षांवरील लोकांच्या एका पाहणीत सुमारे 18 टक्के जणांच्या मणक्यांत फ्रॅक्चर आढळले. एक मणका मोडला की पुढचा मोडण्याचा धोका बराच वाढतो. किरकोळ धक्क्याने मणका मोडला असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, उपचाराचा विचार करावाच लागतो.

स्वाध्याय: मागची उंची 24 मिमी आणि पुढची 14 मिमी असल्यास श्रेणी कोणती?