वळण येण्याआधीचा निर्णय

सहरी आटोपते आणि फजरच्या अजानआधी रोजेदार मनाशी नियत करतो. नियत म्हणजे संकल्प. दुपारी घसा कोरडा पडतो, घरात कोणी नसते, माठ समोर असतो. तरी हात तिकडे जात नाही. पाणी प्यायचे की नाही, हा प्रश्न दुपारपर्यंत उरलेलाच नसतो. तो पहाटेच सुटलेला असतो.

आयुष्यातल्या अवघड निर्णयांचेही असेच असते. त्याचे मोठे उदाहरण आपल्याच भंडाऱ्यात घडले आहे.

१९५४ मध्ये भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. तेव्हा हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची असत. सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी नेते अशोक मेहता उभे होते. आठवण अशी सांगतात की, काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले, ‘आपल्या लोकांनी एक मत तुम्हाला द्यावे, दुसरे कुजवावे. म्हणजे दुसऱ्या कोणाची मते वाढणार नाहीत.’ बाबासाहेबांनी ते मानले नाही. लोकांनी दोन्ही मते द्यावीत, असा आग्रह त्यांनी धरला.

दोनच वर्षांपूर्वी मुंबईत ते स्वतः हरले होते. तिथे हजारो मते कुजवली गेली, अशी तक्रार त्यांनी आणि अशोक मेहतांनी मिळून केली होती. जे आपल्यावर झाले तेव्हा अन्याय म्हटले, ते आपल्या फायद्यासाठी कसे करायचे? भंडाऱ्यात पाऊल टाकण्याआधीच या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून हरले. राज्यसभेत ते होते, पण लोकसभेत कधीच पोहोचले नाहीत. योग्य निर्णयाला यश मिळतेच, असे नाही.

आणखी एक गोष्ट. धर्मांतराचा निर्धार त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात जाहीर केला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मध्ये २१ वर्षे गेली. काय सोडायचे ते आधी ठरले होते. कुठे जायचे, यासाठी त्यांनी वाचन केले, विचार केला, वेळ घेतला. पक्के असणे आणि घाई करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या तरुणपणी एका शाळेत मास्तरची जागा निघाली होती. आतून पैशांची मागणी आली. अम्मीने बांगड्या काढून ताटात ठेवल्या. अब्बांनी मला एवढेच विचारले, “कोणी बघत नसेल तर तू रोजा मोडतोस का?” बांगड्या परत अम्मीच्या हातात गेल्या. ती नोकरी मला मिळाली नाही. पुढची सहा वर्षे मी घरोघरी शिकवण्या घेतल्या. त्या काळात अब्बांचा रागही आला, हे खोटे कशाला सांगू?

आमच्याकडे अवघड प्रसंगी दोन गोष्टी करायला सांगितल्या आहेत. एक मशवरा, म्हणजे जाणत्या माणसांचा सल्ला. दुसरा इस्तिखारा, म्हणजे दोन रकात नमाज पढून अल्लाहकडे भल्याची वाट मागणे. पण इस्तिखारा म्हणजे कौल लावणे नव्हे. विचार आपल्यालाच करावा लागतो.

बारावीनंतर काय शिकायचे, धानाची शेती विकायची की ठेवायची, मुलीचे स्थळ पक्के करायचे की तिला आधी विचारायचे, अशी वळणे प्रत्येक घरात येतात, मग घर कोणाचेही असो. काय करायचे हे त्या त्या वेळी ठरेल. पण काय करायचे नाही, हे आजच घरात बसून बोलून ठेवता येते. लाच देणार नाही. भावाचा वाटा लपवणार नाही. लेकीला न विचारता होकार कळवणार नाही. रमजानचे तीस दिवस रोज पहाटे हाच सराव करून घेतात.