आधी तोल, मग चेहरा

वरळी सी-फेसवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वाटेवर आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावर हा माणूस वर्षानुवर्षं रोज हजर असायचा, पण तो बोलायचा नाही. मंत्री बोलत, अधिकारी बोलत, बायकोही बोलायची. हा मात्र एका कडेला उभा राहून बघायचा. तरी त्याला काय वाटतंय ते वाचकाला अचूक कळत असे, कारण लक्ष्मण ते त्याच्या उभं राहण्यातून सांगत. किंचित वाकलेली पाठ, पुढे आलेली मान, अवघडलेले हात. मनुष्याकृती काढायला शिकणं म्हणजे काय, हे इतकं थोडक्यात दाखवणारं दुसरं उदाहरण मुंबईत सापडणं कठीण.

याच लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. हा किस्सा बहुतेक वेळा जे.जे.ची फजिती म्हणून सांगितला जातो. त्याहून कामाची गोष्ट त्यांच्या आत्मचरित्रात आहे. लहानपणी लक्ष्मण घराच्या खिडकीतून जे दिसेल ते काढत बसत. वाळक्या काटक्या, पानं, लाकडं फोडणारे नोकर, समोरच्या छपरांवर तऱ्हेतऱ्हेने बसलेले कावळे. शाळेबाहेरचा हा अभ्यास होता, आणि त्यात विषय बरेचदा हलता होता.

महाराष्ट्रातल्या मुलांची मनुष्याकृतीशी पहिली गाठ मात्र वेगळ्याच ठिकाणी पडते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुलं असा काहीतरी विषय, आणि चित्रात माणसं हवीतच. मग शिकवणीत दोन-तीन ठरलेली माणसं घोटून घेतली जातात. पिशवी घेतलेली बाई, पाठमोरा पुरुष, हात वर केलेला मुलगा. श्रेणी मिळते, दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण तोच मुलगा पुढे समोरच्या जिवंत माणसाचं चित्र काढायला बसला की कागदावर ती घोटलेली बाईच उतरते. सुरुवातीचे कित्येक दिवस हे पाठांतर विसरण्यातच जातात, असं म्हटलं तर फारसं चूक ठरणार नाही.

नवशिका माणूस काढताना डोळ्यांपासून सुरुवात करतो. मग नाक, ओठ, केस असं करत खाली येतो आणि पायांपर्यंत पोचेतो कागद संपलेला असतो. पाऊल नसलेली माणसं नवशिक्यांच्या वह्यांत इतकी भेटतात ती यामुळे. जाणता चित्रकार उलट्या बाजूने निघतो. तो आधी शोधतो वजन कुठे पडलंय ते.

हे समजून घ्यायचं तर वरळीकरांना लांब जायला नको. गुरुपौर्णिमेपासून चाळींच्या पटांगणांत गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. तळाच्या थरातला गडी पाय फाकवून का उभा राहतो? वरच्याचा भार खांद्यातून कंबरेत, कंबरेतून पावलांत सरळ उतरावा म्हणून. वरचा जरा बाजूला कलला तर खालच्याची कंबर लगेच दुसरीकडे सरकते. चित्रातही हाच हिशेब. एका पायावर रेललेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो बहुधा भार पेलणाऱ्या पावलाजवळ पडतो. त्या पायाकडची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो आणि पाठीचा कणा मधून वळतो. आपल्या शिल्पांतला त्रिभंग तो हाच. कागदावर ओळंबा चुकला तर चेहरा कितीही हुबेहूब येवो, माणूस पडतोय असंच वाटत राहतं.

म्हणून शिकण्याची सुरुवात अर्ध्या-एक मिनिटाच्या स्केचपासून करतात. एवढ्या वेळात नाक-डोळे काढायला सवडच नसते. डोक्यापासून भाराच्या पायापर्यंत एक वाहती रेघ, खांद्यांची एक तिरपी, कंबरेची दुसरी, एवढंच हाती लागतं. किमॉन निकोलायडीस या अमेरिकी शिक्षकाचं या पद्धतीवरचं पुस्तक 1941 साली आलं आणि जगभरच्या कलाशाळांत पसरलं. त्याचं सांगणं असं, की माणूस कसा दिसतो यापेक्षा तो काय करतोय ते आधी काढा. विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की नृत्य समजल्याशिवाय चित्र समजणार नाही. दोघांचा रोख जवळपास एकच आहे.

तोल साधला की प्रमाण. उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरतात. भारदस्त दिसावा म्हणून पुष्कळ चित्रकार आठ पट घेतात. तान्ह्या बाळाची उंची जेमतेम चार डोकी असते, म्हणूनच मोठ्या माणसाला लहान करून काढलं की मूल होत नाही, बुटका माणूस होतो. उंचीचा मध्य बेंबीवर नसतो, त्याच्या बराच खाली, जांघेपाशी येतो. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. नवशिके ते हमखास वर चढवतात आणि कपाळ गायब करतात. पंजा हनुवटीपासून कपाळाच्या केसांपर्यंत पोचतो. पाऊल जवळजवळ कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं असतं, हे तर स्वतःच्या हातावर ठेवून पाहिल्याशिवाय कुणाला पटत नाही.

भारतीय परंपरेत हे काम तालमान ही मापपद्धत करते. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्याच चित्रसूत्र या भागात पुरुषांचे पाच प्रकार दिले आहेत. हंस 108 अंगुळं, भद्र 106, मालव्य 104, रुचक 100 आणि शशक 90. गंमत अशी की ही अंगुळं त्या त्या माणसाचीच मोजायची. परक्याच्या फुटपट्टीने कुणाला मापायचं नाही! परळ-लालबागच्या कारखान्यांतले मूर्तिकार आजही मूर्तीचं प्रमाण डोक्याच्या किंवा चेहऱ्याच्या मापाने ठरवतात, तेव्हा ते याच हिशेबाने चाललेले असतात. वर्गात मोजणीचं साधन म्हणजे पेन्सिल. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत समोरच्या माणसाचं डोकं पकडायचं आणि ते माप खाली उतरवत जायचं. कोपर वाकलं की सगळा हिशेब बिघडतो.

मात्र ही मापं उभ्या माणसाची. कोळीवाड्यात मासे विकायला बसलेल्या मावशी समोर आल्या की साडेसात डोक्यांचं गणित कोलमडतं. मांडी थेट आपल्याकडे रोखलेली असते, त्यामुळे ती वीतभरही दिसत नाही, गुडघा मात्र केवढा तरी मोठा. मांडी लांब असते हे डोक्याला ठाऊक असतं आणि हात डोक्याचंच ऐकतो, म्हणून चित्र फसतं. इथे शरीराचे साधे घन करून पाहणं उपयोगी पडतं. कवटीचा अंडाकार, बरगड्यांचा पिंजरा, कंबरेचा ठोकळा. हे तीन घन एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत ते बसलं की हातपाय आपली जागा शोधतात. स्नायूंची नावं नंतर शिकली तरी चालतात.

कपड्यांबाबत सगळ्यात चांगला गुरू म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. 1867 साली कोल्हापूरला जन्मलेले धुरंधर 1890 मध्ये जे.जे.त आले आणि एकेचाळीस वर्षं तिथेच राहिले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही तोच आकडा आहे. मुंबईच्या रस्त्यावरचे लोक त्यांनी पोस्टकार्डांवर रंगवले, आणि 1920 साली ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी भारतभरच्या स्त्रिया. त्यांनी काढलेल्या बायकांच्या नेसण्याच्या चुण्या कुठूनही कशाही वाहत नाहीत. कंबर, गुडघा, खांदा असा जिथे ताण आहे तिथूनच निघतात. लुगड्याच्या आतला पाय दिसत नाही, पण तो कुठे आहे हे कळतं.

ते कळायचं तर उघडं शरीर अभ्यासावं लागतं, आणि मुंबईत ते सहज घडलं नाही. 1857 साली सुरू झालेल्या जे.जे.त विद्यार्थी बराच काळ युरोपीय शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून चित्रं काढत. प्लास्टरचा पुतळा दमत नाही, श्वास घेत नाही, तासाभराने त्याचा खांदा उतरत नाही. 1919 साली ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आले आणि त्यांच्या काळात विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग उभा राहिला. मॉडेल म्हणून बसणाऱ्यांचं काम त्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा कष्टाचं. एकाच पोजमध्ये तासन्‌तास बसायचं, मुंग्या आल्या तरी हलायचं नाही, आणि घरी-शेजारी कामाचं नाव काढायची चोरी. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट अशा मॉडेल म्हणून बसणाऱ्या बायकांवर आहे. 2017 मध्ये तो गोव्याच्या महोत्सवातून वगळला गेला, 2018 मध्ये प्रदर्शित झाला. पदव्या आणि पदकं चित्रकारांना मिळाली. ज्यांच्या शरीरावर ते शिकले त्यांची नावं कॅटलॉगमध्ये नसतात. हा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

हौशी माणसाला मॉडेल परवडत नाही, पण त्याचं अडूही नये. जे.जे.ची मुलं पिढ्यान्‌पिढ्या समोरच्या व्हीटी स्टेशनवर स्केचबुक घेऊन बसत आली आहेत. गाडीची वाट पाहणारा माणूस पाच मिनिटं तरी एका जागी थांबतोच, आणि थांबलेला माणूस पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन पवित्र्यांत येतो. एक रेखाटन अर्धवट सोडून दुसरं घ्यावं; पहिला पवित्रा परत आला की मागे जावं. स्वस्त कागद, 4बी किंवा 6बी पेन्सिल आणि क्लिप लावलेला पुठ्ठा पुरे. खोडरबर पहिले काही महिने घरी ठेवावा. चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढली की किती चुकलं ते दिसतं. खोडली की तेही जातं. आणि कुणी बघतंय हे लक्षात येऊन समोरचा अवघडला, तर दुसरा माणूस निवडावा.

वरळीलाच नेहरू सेंटरच्या कलादालनात महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रकारांची सिंहावलोकनी प्रदर्शनं भरत आली आहेत. पुढच्या वेळी अशा प्रदर्शनाला गेलात, तर मोठ्या रंगीत चित्रांकडे जाण्याआधी पेन्सिलीची छोटी रेखाटनं शोधा आणि प्रत्येकात भार कोणत्या पायावर आहे ते आधी पाहा.