गुपिताची मालकी

समाजकार्यकर्ता म्हणजे लोकांच्या घरांतली दुखणी ऐकत हिंडणारा परोपकारी माणूस, आणि कानांवर पडलेले त्याने पोटात ठेवले तर तो सज्जन व बाहेर बोलला तर उथळ, एवढीच गोपनीयतेविषयी बहुतेकांची समजूत असते. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने संस्था निघून या कामाला रीतसर शिक्षणाची जोड मिळाली, आणि १९४४ मध्ये तिचेच नामांतर टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. तरीही गोपनीयता ही स्वभावाची देणगी नसून व्यवसायाचे कर्तव्य आहे, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप पुरती रुजलेली नाही. फेलिक्स बीस्टेक या अमेरिकन जेझुइट धर्मगुरूने १९५७ साली व्यक्तिसहाय्य कार्याची जी सात तत्त्वे मांडली, त्यांत गोपनीयतेला त्याने सेवार्थ्याचा हक्क मानले. मात्र हा हक्क निरपवाद नाही, हेही त्याच दमात नमूद केले.

हा उत्तरार्ध विसरल्यामुळेच सर्वांत घातक गैरसमज जन्मास येतो. तो असा की, गोपनीयता म्हणजे 'मी हे कोणालाही सांगणार नाही' हे वचन. नवशिका कार्यकर्ता बावरलेल्या बारा वर्षांच्या मुलीसमोर बसतो, ती 'आधी शपथ घ्या' म्हणते, आणि तिचा विश्वास मिळवण्याच्या भरात तो शपथ घेऊन मोकळा होतो. नंतर ती जे सांगते ते लैंगिक अत्याचाराचे असले, म्हणजे त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, शपथ मोडण्याची किंवा कायदा मोडण्याची. कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा घडण्याची भीती ज्याला वाटते, अशा प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे, आणि ती न देणाऱ्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मुरलेला कार्यकर्ता संभाषणाच्या आरंभीच मर्यादा सांगतो: 'तू सांगशील ते मी इकडेतिकडे बोलणार नाही, पण तुला कोणी इजा करत असेल तर काही माणसांना सांगावे लागेल, आणि ते तुला कळवूनच सांगेन.' असे ऐकल्यावर काही मुले गप्प होतात, हे खरे. पण खोट्या शपथेवर बोलते झालेले मूल पोलीस दारात आल्यावर जे मिटते, ते पुन्हा सहसा उघडत नाही.

दुसरी समजूत, नाव बदलले की गोपनीयता राखली गेली. वार्षिक अहवालात 'सुनीता (नाव बदलले आहे)' असे छापून पुढच्याच ओळीत तिचे गाव, शाळा, बापाचा धंदा आणि शेजारी पाठमोरे छायाचित्र द्यायचे, हा प्रकार देणगीदारांच्या समाधानासाठी सर्रास चालतो. त्या तालुक्यात अशी सुनीता एकच असते, आणि वाचणारे तिला पाठीवरूनही ओळखतात. बाल न्याय अधिनियमाच्या (२०१५) कलम ७४ ने या पळवाटेचा विचार आधीच केलेला आहे: नाव, पत्ता, शाळा यांबरोबरच ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील तेथे निषिद्ध आहे. (संस्थेचे नाव ठळक रंगवलेली जीप भर दुपारी थेट सेवार्थ्याच्या दारात उभी करणारे कार्यकर्तेही मी पाहिले आहेत, त्यांना अहवाल छापण्याचीही गरज नसते.)

घरच्यांना कळायलाच हवे, हा तिसरा आग्रह. आपल्या कुटुंबवत्सल समाजात तो इतका स्वाभाविक वाटतो की खुद्द कार्यकर्त्यांनाही त्यात वावगे दिसत नाही. परंतु सज्ञान माणसाची हकीकत त्याच्या संमतीवाचून त्याच्या भावालाही सांगता येत नाही. एचआयव्हीबाधिताच्या जोडीदाराचा प्रश्न सर्वांत बिकट. तेथे २०१७ च्या कायद्याने केवळ डॉक्टर व समुपदेशक यांनाच मुभा दिली आहे, आणि तीही जोडीदाराला खरोखर धोका असल्यास, बाधिताने स्वतः सांगावे म्हणून त्याचे समुपदेशन केल्यावर, तो सांगणार नाही अशी खात्री पटल्यावर आणि आपला इरादा त्याला आधी कळवल्यावरच. शिवाय बाधित स्त्री असून, हे उघड होताच तिला मारहाण होईल वा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर जोडीदाराला कळवू नये, असेही त्याच कायद्यात आहे. सासूने 'आमच्याच सुनेचे आम्हांला सांगा की' म्हणून कितीही आर्जव केले, तरी या चौकटीत तिला जागा नाही.

राहिला कोर्टाचा मामला. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला पुराव्याच्या कायद्याचे जे संरक्षण आहे, तेच आपल्यालाही आहे, असे अनेक कार्यकर्ते गृहीत धरतात. ते तसे नाही. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांनी तेथील समुपदेशकापुढे झालेले बोलणे गोपनीय मानले आहे. पण संस्थेतल्या सामान्य कार्यकर्त्याला समन्स येऊ शकते आणि त्याचे दप्तर न्यायाधीश मागवू शकतात. तेव्हा गृहभेटीची नोंद करताना 'नवरा दारूडा आहे' असे लिहिले की 'नवरा दारू पिऊन येतो असे बाई सांगतात' असे लिहिले, यांतला फरक त्याला उलटतपासणीत, त्या नवऱ्याच्या वकिलासमोर उभे राहिल्यावर कळतो.